माहेरचा कडू घास

आमच्या केंदूरात माझ्या घराएवढं उंच जोतं दुसऱ्या कुणाच्या घराला न्हाई, आन् माझा धाकटा भाऊ जालिंदर लोखंडाला जसा जोड मारतो तसा साऱ्या शिरूर तालुक्यात कुणाला जमत न्हाई. पाव्हणा आला की चहा यायच्या आत ह्या दोन गोष्टी मी सांगून टाकतो. मी मच्छिंद्र. शाळा सातवीपातूर, पण पंचायतीत आन् सोसायटीत माझ्या शब्दाला आजून वजन हाय. जालिंदरकडं मात्र शब्दच कमी. लहानपणी कुणी त्याला मारलं तर कुणी मारलं ते सांगायचा न्हाई. मीच हुडकून काढायचो आन् त्या पोराला बडवून यायचो.

आयटीआय करून त्यो दौंडला एका ठेकेदाराकडं लागला. मालगाडीच्या डब्यांचं वेल्डिंग. काम चांगलं, पण ठेकेदाराचं काम म्हंजी आज हाय, उद्या न्हाई. आन् आता पोरींच्या बापांना पक्की नोकरी लागती. पस्तिशी जवळ आली तरी त्याचं लगीन जमंना. आमची आई, कस्तुराबाई, देवापुढं उभी ऱ्हायली की दुसरं काही मागायचीच न्हाई.

शेवटी भांडगावला ज्योतिबा पाव्हण्यांची सुलक्षणा बघायला गेलो. पोरगी बालवाडीत शिकवती, बोलायला धीट. तिनं सरळ जालिंदरलाच इचारलं, तुम्ही काही बोलत का न्हाई? त्यो म्हणाला, दादा बोलतो की. समदी हसली. पोरीनं मान खाली घातली पण हसू काही लपंना. ज्योतिबाची अट एकच, पोराला पक्कं काम पायजे.

त्याच सुमाराला रशियातलं काम निघालं. तिकडं डब्यांचा कारखाना, वेल्डर पायजेत, दोन वर्षांचा करार. शिरूरच्या मिशन कंपाउंडातला योहान वेल्डर निघाला व्हता, त्यानं जालिंदरला सांगितलं. लढाई चालू व्हती हे आम्हाला ठाऊक व्हतं. रशियानं युक्रेनवर फौजा घातल्या त्याला तवा दोन वर्षं झाली व्हती. पण काम कारखान्यातलं, बंदुकीचं न्हवं, ह्याची मी दहादा खातरजमा केली. ज्योतिबाला शब्द दिला, दोन वर्षं पुरी करून आला की हळद.

"पुरी केली पायजेत, मच्छिंद्रराव," एवढंच ज्योतिबा म्हणालं.

मला छाती फुगवायला निमित्त लागतंय व्हय? आमच्या वडलांपुढं, आबांपुढं, रशियाचं नाव निघालं की आबा डोक्यावरची टोपी सारखी करायचं. एकाहत्तरला आपल्या पाठीशी कोण उभं ऱ्हायलं, म्हणायचं. तसल्या देशानं आमच्या घरातला माणूस मागून घेतला. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात मेथीच्या जुड्या घेता घेता मी सांगायचो, त्यांना जोड मारणारा त्यांच्या मुलखात मिळाला न्हाई, केंदूरातनं न्यावा लागला. लोक ऐकायचं. एकजण म्हणाला, एवढ्या मोठ्या देशाला वेल्डर मिळंना म्हंजी अवघड हाय की वो आण्णा. मी त्याला झाडला. पण ते बोलणं माझ्या मनात ऱ्हायलं.

जालिंदर दर रविवारी फोन करायचा. त्यानं सांगितलं त्यावरनं कळलं, कारखान्यातली तरणी पोरं निम्मी लढाईवर. ऱ्हायल्यात त्या बाया आन् केस पिकल्याली माणसं. आधी शेजारच्या देशांतनं मजूर यायचं, तेबी कमी झालं. त्यांना भ्या, कुणीतरी उचलील आन् लढाईवर धाडील. मशीनचा एखादा पार्ट मोडला की दुसरा येत न्हाई, ह्याचा काढून त्याला बसवायचा. चौकात झेंडं, भोंग्यावर गाणी, पण खानावळीत लढाईचं नाव कुणी काढत न्हाई.

त्याचा फोरमन गेना म्हणून व्हता. आपल्याकडं गेनबा असत्यात तसंच नाव, म्हणून जालिंदर, योहान आन् तिकडं गेल्याली आपल्याकडची आणखी तीन पोरं त्याला गेनबाच म्हणायची. आडदांड, मोठ्या आवाजाचा, देशाचा अभिमानी. लढाई लागली तवा आठ दिवसांत संपती म्हणाला व्हता. मग दिवाळीपातूर म्हणाला, म्हंजी त्यांचा जो कुठला सण असल तवर. नंतर तारीख सांगायचीच सोडली. त्याची बायको तामरा. आमची पोरं तिला तामराबाई म्हणायची. ती आमच्या पोरांना घरी बोलवून जेवू घालायची. तिचं माहेर युक्रेनातलं. सख्खी बहीण तिकडं. लढाई लागली तवा गेना मेव्हणीला फोनवर काहीतरी वाईट बोलला, तवापासनं बहिणी-बहिणींचं बोलणं बंद.

एकदा दारू पिताना गेना जालिंदरला म्हणाला, "आधी आम्ही हाक मारली की शेजारी उठून उभं ऱ्हायचं. आता हाक मारली की दार लावून घेत्यात."

हे ऐकलं आन् मला आमचं जयसिंग आप्पा आठवलं. गावाचं कारभारी. एका उन्हाळ्यात त्यांनी शेजारच्या गावाच्या बंधाऱ्याचं ढापं, म्हंजी पाणी अडवायच्या फळ्या, बळानं काढलं, पाणी आमच्याकडं वळवलं. आठवड्यात गप करतो त्यांना, म्हणालं. मीबी काठी घेऊन म्होरं व्हतो, आन् माझ्या काठीपुढं तवा कुणी टिकलं न्हाई. पण शेजारचं गाव गप बसलं न्हाई. वर्षामागनं वर्षं गेली. आधी त्या गावानं आमच्या पोरी करायच्या सोडल्या. मग आजूबाजूच्या गावांनी लग्नाच्या पत्रिका धाडायच्या सोडल्या. आमच्यातलीच माणसं आप्पांपुढं मान डोलवायची आन् वळली की शिव्या घालायची. पाण्याच्या राखणीला गावातला कुणी जाईना म्हणून आप्पांनी बाहेरनं माणसं आणली. गावातल्या एका पोराचा हाणामारीत पाय मोडला, त्याच्या आईनं चावडीवर येऊन इचारलं, पाणी किती आलं तेवढं दावा. हिलाच गप करा, आप्पा म्हणालं. पुढच्या निवडणुकीत आप्पांना स्वतःच्या वाड्यातली मतं पडली न्हाईत. त्या बाईला बोलू दिलं असतं तर कदाचित पडली असती.

तर करार संपायला चार महिनं ऱ्हायल्यालं तवा गेनाचा पोरगा आल्योशा लढाईत मारला गेला. एकुलता. लढाईवर हट्टानं गेल्याला न्हवता, बोलवून नेल्याला. कारखान्याच्या साहेबानं गेनाला बोलवून सांगितलं, मोठा मान हाय, बँड लावू, झेंड्यात गुंडाळू, पण गर्दी करू नका, रडारड रस्त्यावर नको, गावात आधीच लई घरं अशी झाल्यात. गेना व्हय म्हणाला. त्याच्यानं दुसरं काय म्हणवलं असतं?

आपल्याकडं मयताच्या घरात चूल पेटत न्हाई. सोयरं पिठलं-भाकरी करून नेत्यात आन् आपल्या हातानं घास भरवत्यात. त्यो कडू घास. बाईला पहिला घास माहेरचा. त्याशिवाय तिच्या घशाखाली दुसरा उतरत न्हाई म्हणत्यात. जालिंदरनं तीन दिवस वाट पाह्यली. तामराबाईच्या घरी कोण येणार? माहेरावर तर तिच्याच नवऱ्याच्या देशाचं बाँब पडत व्हतं. मग त्यानं मला फोन केला. कामाचा दिवस, रविवार न्हवं, म्हणून मी दचकलो.

"दादा, माहेरचं म्हणून मी नेऊ का कडू घास?"

"ही काय इचारायची गोष्ट हाय? ने," मी म्हणालो.

"गेनबा नको म्हणतोय. साहेब लोकांनी सांगितलंय."

"मग मागल्या दारानं नेणार हायेस का काय? आपल्या घरातनं कडू घास चोरून गेल्याला न्हाई कवा."

आजबी कुणी मला इचारलं तर मी हेच सांगीन. पण हे सांगताना समोर सुलक्षणाचं तोंड येतं, तवा तसं येत न्हवतं.

ज्वारी कुठनं आणणार? तिकडं काळपट पीठ मिळतं, त्याच्याच भाकरी थापल्या. कडा तुटत व्हत्या. बेसन आईनं दिल्यालं शिल्लक व्हतं, त्याचं पिठलं. जालिंदरनं भाकरीचं टोपलं धुवट कापडात बांधून डोक्यावर घेतलं. योहान आन् आणखी तीन पोरं मागं. डोक्यावर टोपी न्हाई, कुणी कुणाशी बोलत न्हाई, बर्फातनं मोठ्या रस्त्यानं, चौकातनं, झेंड्याखालनं चालली. आपल्याकडं अशी पाच माणसं रस्त्यानं चालली तर कुणीबी वळखील आन् बाजूला होईल. तिकडं कुणाला ठाऊक? पण योहान सांगतो, एक म्हातारी दुकानातनं बाहेर आली, तिनं टोपल्याकडं पाह्यलं, जालिंदरच्या तोंडाकडं पाह्यलं आन् गुमान मागं चालायला लागली. मग आणखी एक. मग दारादारातनं. ज्यांच्या घरचं गेल्यालं त्या, ज्यांचं आजून तिकडं हाय त्या. गेनाच्या इमारतीखालचं अंगण बायांनी भरून गेलं.

वर गेल्यावर गेनानं दार अडवलं न्हाई. जालिंदरनं तामराबाईला खुणेनं सांगितलं, मी तुझा भाऊ, तुझ्या आईच्या घरचं आणलंय. पिठलं-भाकरीचा घास तिच्या तोंडात घातला. पोरगा गेल्यापासनं ती रडली न्हवती. घास तोंडात तसाच ठेवून ती जी रडली ती खिडकीतनं खालपातूर ऐकू गेली. योहाननं मराठीतच प्रार्थना म्हणली. तिला शब्द कळलं न्हाईत, पण तिनं छातीवर क्रूस काढला. खाली अंगणात एका बाईनं इचारलं, आमची पोरं कवा येणार? वरडून न्हाई, साध्या आवाजात. तिच्यामागं दुसरीनं इचारलं. तेवढंच झालं. दगड न्हाई, घोषणा न्हाई.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी जालिंदरला नेऊन दिवसभर बसवलं. तुला कुणी शिकवलं, कुणी धाडलं, कुठल्या देशाचं काम करतोस. त्यानं कडू घास समजावून सांगायचा प्रयत्न केला. आधीच त्याच्याकडं शब्द कमी, त्यात भाषा परकी. पाची पोरांचा करार मोडला आन् विमानात बसवून दिली. रणगाडं असल्याला, अर्ध्या जगाला दम देणारा देश आमच्या आईच्या बेसनाला भ्याला. मी हे पारावर सांगितलं तवा लोक हसली. मलाबी हसू आलं, पण घरी येऊन आबांच्या फोटोपुढं उभा ऱ्हायलो तवा वाईट वाटलं. आबांनी ज्याच्यासाठी टोपी सारखी केली त्यो ह्यो देश न्हवं.

ज्योतिबा पाव्हणं आठवड्याच्या आत आलं. चहा पुढं ठेवला, त्यांनी कपाला हात लावला न्हाई. तवाच कळलं. मी समदं सांगितलं, टोपल्यापासनं बायांपातूर, जेवढं चांगलं सांगता येईल तेवढं सांगितलं, आन् सांगण्यात मला कुणी हरवत न्हाई. त्यांनी शेवटपातूर ऐकलं.

"कडू घास आपल्या माणसाला देत्यात, मच्छिंद्रराव. ती बाई आपली कोण?"

मी बोलायच्या आत दारात उभा असल्याला जालिंदर बोलला. "तिच्या माहेरचं कुणी येणार न्हवतं, मामा."

ज्योतिबा माणूस वाईट न्हाई. पण भावकीत त्यांना सांगावं लागणार व्हतं की जावयाला परदेशच्या पोलिसांनी हाकलून दिला, आन् माझ्यासारखं सांगायला त्यांना जमत न्हाई. दोन वर्षं पुरी झाली न्हाईत, एवढंच म्हणून उठलं. सुलक्षणानं जालिंदरला एकदा फोन केला. काय बोलली ते त्यानं सांगितलं न्हाई. लहानपणीच्यासारखंच. आन् ह्या वेळी जाऊन बडवायला मला कुणी सापडलं न्हाई.

आता जालिंदर तळेगाव ढमढेऱ्याला एका शेडमध्ये खिडक्यांच्या जाळ्या आन् फाटकं करतो. तामराबाईचा एकदा फोन आला व्हता, चित्रं दिसणारा. गेनाचं फोरमनपण गेलं, आता त्यो कारखान्याच्या गेटावर बसतो. पण ती आणखी एक सांगत व्हती, जालिंदरला थोडं कळलं, योहाननं उरल्यालं जुळवलं. परक्या पोरानं आपल्या माहेरच्या नावानं तिला घास भरवला हे तिच्या बहिणीला कुणाकडनं तरी कळलं. बहिणीनं फोन केला. दोघी बोलल्या न्हाईत म्हणं, नुसत्या रडल्या. लढाई चालूच हाय.

सुलक्षणाचं लगीन यंदा वैशाखात झालं. पत्रिका आली म्हणून मी भांडगावला गेलो. न जाणं आमच्या घराला शोभत न्हाई. आहेर केला, पंगतीला बसलो. शेजारचा पाव्हणा इचारायला लागला, तुमचा तो रशियावाला भाऊ काय करतो आता? माझ्या तोंडात बुंदीचा घास व्हता. पुढं स्टेजवर पोरगी नव्या नवऱ्याशेजारी बसल्याली दिसत व्हती, आन् तिचं लक्ष आमच्या पंगतीकडं व्हतं.

जाळ्या करतो, मी म्हणालो. त्याच्यावर एक शब्द वाढवला न्हाई.

घरी आलो तर जालिंदर जेवत व्हता. कसं झालं लगीन, आईनं इचारलं. चांगलं झालं, मी सांगितलं. जालिंदरनं मान वर केली न्हाई. आईनं त्याच्या ताटात आणखी भाकरी वाढली, त्यानं ती अर्धी मोडली आन् तशीच ठेवून हात धुवायला उठला.