शमुवेलमामाचे दोन ठोके

शमुवेलमामाला मी शेवटचं पाहिलं ते शहापूरच्या दवाखान्यात, खिडकीकडच्या खाटेवर. नाकात नळी, आणि तरी बोलायची हौस काही जात नव्हती. मी मोसंब्याचा रस पुढं केला तर म्हणाला, "तो ठेव बाजूला. आधी ऐक गो. मी गेलो की माझी काठी चुलीत घाल." मी म्हटलं, "मामा, भलतंसलतं बोलू नकोस, रविवारी उपदेश तुलाच करायचाय." तो हसला नाही. त्यानं माझं मनगट धरलं... एवढा जोर त्या हातात कुठून आला कोण जाणे. "शब्द दे," म्हणाला. मी दिला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. त्याला आता सात आठवडे झाले. तो शब्द मी कसा पाळला, खरं म्हणजे किती दिवस पाळला नाही, ते सांगायला बसलेय.

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. कसाऱ्याला रेल्वेत कीमन होता. खांद्यावर हातोडा टाकायचा आणि घाटाखालच्या रुळांवरून दिवसभर चालत, रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या ठोकत जायचं, हे त्याचं काम. घट्ट चावी खणखणीत वाजते, सैल असली की आवाज बद्द येतो. निवृत्त झाल्यावर हातोडा गेला, तेव्हा त्यानं तिवसाच्या लाकडाची एक काठी केली आणि टोकाला लोहाराकडून लोखंडी टोपण बसवून घेतलं. शेणव्याजवळ आमचं छोटं प्रार्थनाघर आहे, वर पत्रे, खाली शहाबादी फरशी, माणसं जेमतेम तीस. पाळकसाहेब महिन्यातून एकदा येतात, बाकीचे रविवार मामाचे. उपदेशाला उभा राहिला की आधी फरशीवर दोन ठोके. टक्... टक्. मग सगळ्यांकडे बघून म्हणायचा, "बघू, आज कोण सैल झालाय."

उपदेश तरी काय, एकच! इस्राएल आणि यहूदा ही दोन राज्यं का बुडाली. मी त्याला चिडवायची, "मामा, कधीतरी लग्नाची गोष्ट सांग रे, कायम मेलं ते बुडणंच." तो म्हणायचा, "बाहेरचा राजा सगळ्यात शेवटी येतो गो. तो फक्त सैल चावीवरून गाडी नेतो." उत्तरेचं इस्राएल पडलं तेव्हा दक्षिणेच्या यहूदातल्या लोकांनी काय केलं, असं विचारायचा आणि उत्तरही तोच द्यायचा. "म्हणाले, आपल्याकडं मंदिर हाय, आपल्याला काय होणार नाय! आन् भिंतीला चुना लावून मोकळे झाले." एकदा आमच्यातल्याच कुणीतरी गावदेवीच्या जत्रेवरून नाक मुरडलं, तर मामानं काठी अशी आपटली की पोरं रडायला लागली. "तिकडं बोट दाखवू नका. त्यांची भक्ती त्यांच्यापाशी. मी तुमच्या घरातलं बोलतोय." त्याच्या मातीला अर्ध्याहून जास्त गाव आलं होतं ते उगाच नाही.

त्याची आवडती गोष्ट पितळी सापाची. रानात साप चावून माणसं मरत होती, तेव्हा देवानंच खांबावर पितळेचा साप टांगायला लावला. त्याच्याकडे बघितलं की माणूस जगायचा. पुढं लोकांनी तो साप जपून ठेवला, पिढ्यानपिढ्या, आणि एक दिवस त्याच्यापुढं धूप जाळायला लागले. मग एका भल्या राजानं तो फोडून टाकला. मामा इथं थांबायचा. "देवानं दिलेली वस्तू होती बरं का. तीच फोडावी लागली."

गेल्या वर्षी मुरबाडकडची एक बाई तापानं फणफणलेली मुलगी घेऊन प्रार्थनेला आली होती. मामाची काठी टेकवलेली होती ती घसरून त्या मुलीच्या मांडीवर पडली, आणि संध्याकाळपर्यंत ताप उतरला. झालं! पुढच्या रविवारी चार बायका काठीला हात लावायला हजर. मामा संतापला, काठी घरी ठेवून आला. त्याला तेव्हाच कळलं होतं काय होणार ते.

आणि मी काय केलं? तो गेल्यावर काठी हातात घेतली आणि माझ्यानं चुलीत घालवेना. मूठ त्याच्या तळव्यानं गुळगुळीत झालेली होती, तिला त्याच्या हाताचा वास येत होता. मी रडले. म्हटलं, एखादा रविवार जाऊ दे. प्रार्थनाघरात व्यासपीठामागं खिळा होता, त्याला टांगली. दुसऱ्या रविवारी तिला पांढरा दोरा बांधलेला दिसला. मग तीन झाले, मग नऊ. मी जन्मभर अंगणवाडी चालवलेली बाई, दरडावून विचारलं, "कोणाचे धंदे हे?" मागून कोणीतरी गाणंच सुरू केलं. किल्ली तर माझ्या कमरेला असते.

त्याच सुमारास ठोके ऐकू यायला लागले. मी झाडायला लवकर जाते, नऊच्या आधी, स्वच्छ ऊन पडलेलं असतं. सतरंजी अंथरत होते तोच पाठीमागं टक्... टक्. वळून पाहिलं, काठी खिळ्यावर स्थिर, दोरेसुद्धा हलत नव्हते. घूस असेल म्हटलं. पुढच्या रविवारी भरल्या प्रार्थनेत वाजले आणि तीस माणसं एकदम ताठ बसली. कोणी कोणाकडे बघितलं नाही. मला भीती वाटली ती आवाजाची नाही. त्या सगळ्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, त्याची.

मग मुरबाडहून लेकीचा फोन आला. नातीला, जुईला, डेंग्यू झालेला, रक्तातल्या पेशी उतरत चाललेल्या. मी प्रार्थना केली, हो, केली. आणि मग प्रार्थनाघराचं कुलूप उघडून आत गेले, आणि पदराचा दोरा काढून काठीला बांधला. खोटं कशाला सांगू. चौथ्या दिवशी जुई उठून बसली आणि पेज मागायला लागली. डॉक्टरांनी औषधं दिली होती, सलाईन लावलं होतं, सगळं खरं. पण माझ्या मनानं श्रेय कोणाला दिलं ते मला ठाऊक आहे.

त्या रविवारी म्हातारी राहेलबाई माझ्या कानाशी लागली, "बाय, काठीपुढं उदबत्ती लावू काय गो?" मी नाही म्हणायला हवं होतं, पण मनात आधी जुई आली. तेवढ्यात ठोके पडले. या वेळी खणखणीत नाही. बद्द... बद्द. चावी सैल झाल्यावर येतो तसा. मामानं मला आयुष्यभर एकच आवाज ओळखायला शिकवला होता.

प्रार्थना संपली. मागच्या पडवीत चहाची चूल पेटलेली होती. मी काठी काढली, दोऱ्यांसकट आत सारली. बायका ओरडल्या, "अगो, काय करतेस!" मी एका हातात फोन धरला होता, लेकीला लावलेला. "जुईचा ताप बघ. आत्ता बघ. फोन ठेवू नकोस." काठी लवकर पेट घेईना. देवावरचा माझा विश्वास केवढा, ते त्या पाच मिनिटांत मला दिसलं. शेवटी जाळ झाला. पलीकडून लेक वैतागून म्हणाली, "आई, ती कधीची अंगणात खेळतेय. तुला झालंय काय?" मी मटकन खाली बसले. त्या जाळावर चहा झाला, पण फारसा कोणी घेतला नाही. टोपण तेवढं राखेत उरलं, ते दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला देऊन टाकलं.

गेल्या रविवारी वाचन माझ्याकडे होतं. मी टेबलामागं उभी राहिले, चष्मा चढवला, आणि कळायच्या आत माझ्या बोटांनी टेबलावर दोन ठोके मारले. सगळी माणसं ताठ बसली. प्रार्थना सुटल्यावर राहेलबाई आपल्या सुनेला पुढं घेऊन आली. "हिचं डोकं दुखतंय चार दिवस. तुझा हात ठेव गो. तोच, ज्यानं ठोकलंस." मी हात पदराखाली लपवला आणि तिला म्हटलं, "दवाखान्यात ने." ती माझ्याकडे बघून समजूतदारपणे हसली... मामाच्या वेळी हसायची तशीच.

घरी येऊन मी हात दोनदा धुतले. तरी जेवायला बसले की बोटं ताटाच्या कडेवर वाजतात, आपोआप, दोनदाच. घास तसाच धरून मी कान देते, आवाज खणखणीत येतोय की बद्द, ते ऐकायला.