वळणावरच्या लाल काचा

आमच्या देवाजीमामाला सायकली आवाजावरून ओळखता यायच्या. दुकानात रस्त्याकडे पाठ करून बसलेला असायचा, घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत. मागून कोणी गेलं की मान न वळवता सांगायचा, "मास्तर गेले. चैन ढिली झाली त्यायची, आज-उद्या उतरते." आणि खरंच, दुसऱ्या दिवशी मास्तर काळे हात घेऊन दारात उभे! लहानपणी मला याचं फार कौतुक वाटायचं. आता वाटतं, ही विद्या त्याला नसती तर बरं झालं असतं.

मी रश्मी, त्याची सख्खी भाची. मंडल ऑफिसात, म्हणजे तहसील कचेरीत, टायपिंग करते. आदिलाबादकडं, बाजारहत्नूरच्या रस्त्यावरचं आमचं गाव धड खेडं नाही, धड शहर नाही. बँक आहे, जिनिंग मिल आहे, मोबाईलची तीन दुकानं आहेत आणि सगळ्यांना मिळून एकच रस्ता आहे. मामाचा बाप जन्मभर लोकांच्या शेतात राबला. मामाला ते नको होतं. पंधराव्या वर्षी तो आदिलाबादला एका उस्तादाकडे राहिला, चार वर्षं शिव्या खाल्ल्या आणि एक पंप, दोन पाने घेऊन परत आला. गावातल्या निम्म्या लोकांना सायकल त्यानं शिकवली. मलाही त्यानंच. पडले की उचलायचा नाही, उलट ओरडायचा, "रड नंतर, आधी हँडल सीधं कर!" लग्न केलं नाही. कोणी विषय काढला की म्हणायचा, "सायकली का कमी हायेत माह्या मागं?"

आमच्या घरात भूतखेत, उतारा, दृष्ट काही मानत नाहीत. मामा तर त्यावरून भांडायचा. दुरुस्तीला आलेल्या सायकलीला लिंबू-मिरची दिसली की आधी ती कापून गटारात टाकायचा आणि मग सायकलीला हात लावायचा. "हे बांधून ब्रेक लागते का?" असं गिऱ्हाइकालाच विचारायचा. गिऱ्हाईक चिडायचं, पण जाणार कुठं? दुकान एकच.

पाच-सहा वर्षांपूर्वी कुठल्याशा संस्थेनं शाळेतल्या पोरींना सायकली वाटल्या. आता सायकल पोरीची असली तरी काम घरचंच असतं. पाण्याचे कॅन, कडबा, सरपण, सगळं तिच्यावरूनच. त्यासाठी आमच्याकडे लोक मागं रुंद लोखंडी कॅरिअर बसवून घेतात. मडगार्डावर जिथं लाल काच असते ना, गाडीचा उजेड पडला की चमकते ती, त्याच भोकात या कॅरिअरचा पाय बसतो. मग काच काढावी लागते. मामा ती काढून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा. कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

सुनयना दहावीत होती. बयनाबाईची एकुलती एक. डिसेंबरात दहावीचे स्पेशल क्लास सहापर्यंत चालतात आणि सहाला अंधारून येतं. शाळा गावाबाहेर, ओढ्यावरच्या मोरीच्या पलीकडे. घरी येताना ही पोरगी मोरीजवळच्या वावरातून म्हशीसाठी कडबा बांधून आणायची. त्याच वर्षी रस्ता नवा केला होता. डांबर वीतभर उंच झालं आणि कडेची मुरमाची वाट, जिच्यावरून पोरं सायकली न्यायची, ती खणून टाकली. म्हणजे डांबरावरून जा, नाहीतर खड्ड्यात पडा! मोरीजवळच्या वळणावर मागून कापसाची लॉरी आली. ड्रायव्हर पोलिसांना एकच सांगत राहिला, "साब, कुछ दिखाच नहीं." मेला खोटं बोलत नव्हता. मागून दिसेल असं तिच्या सायकलीवर काही नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी मामानं तो डबा दुकानात जमिनीवर उपडा केला. एक्केचाळीस काचा निघाल्या. तो एकेक उचलून उजेडात धरत होता. "यातली एक तिची हाय," म्हणाला. "कोन्ती, ते समजून नाई राह्यलं."

पोलिसांनी सायकल परत दिली तेव्हा बयनाबाईनं ती घरात घेतली नाही. मामानं दुकानाच्या मागं नेऊन पोत्याखाली ठेवली. त्या सायकलीचं चैनकव्हर घासायचं. खर्र, खर्र, टक. ते नीट करून द्यायचं मामाच्या मनात होतं, राहून गेलं. तेव्हापासून संध्याकाळी सहा वाजले की त्याचा हात थांबायचा. पाना तसाच बोल्टवर, आणि कान रस्त्याकडे.

"आली," तो म्हणायचा.

मी बघायची. रस्ता रिकामा. "मामा, कोणी नाही हो तिथं."

"मले मालूम हाय कोनी नाई. भूत-गीत काई नसते. पन सायकल तिचीच हाय."

मला भीती वाटायची. आणि रागही यायचा, खरं सांगते. जन्मभर दुसऱ्यांची भुतं उतरवणाऱ्या माणसाला हे असं बसलेलं बघवत नव्हतं.

आधी तो घरोघर हिंडला. कॅरिअर काढून देतो, काच बसवून देतो, पैसे नको म्हणाला. लोकांनी हाकलला. "मंग कडबा का डोक्यावर आनू?" एकानंही कॅरिअर काढू दिलं नाही. शेवटी एका रविवारी शिडी घेऊन तो वळणावर गेला. मीच शिडी धरली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बाभळींना त्यानं एक्केचाळीसही काचा तारेनं बांधल्या. ड्रायव्हरला वळण लांबून दिसावं, एवढाच त्याचा विचार.

पण बाभूळ वाऱ्यानं हलते. लॉरीचा उजेड पडला की त्या अंधारात लाल डोळे उघडायचे आणि हलायचे. त्यात लॉऱ्यांवरून उडालेला कापूस काट्यांना अडकून पांढरा पांढरा लोंबत असायचा. मी सगळं माहीत असून एकदा तिथून गेले तर पळतच घर गाठलं. महिन्याभरात चहाच्या टपरीवर बातमी आली की मोरीवर 'सायकलवाली' आहे. दिवसा कोणाला काचा दिसल्या तरी कोणीतरी नवस बांधलाय असं समजून लोक लांबून जायचे. ड्रायव्हर लोक वळणाआधी गाडी बैलगाडीच्या चालीवर आणायला लागले. लिंबं पडायला लागली, नारळ फुटायला लागले. मी मामाला चिडवलं, "आता तुमी पुजारीच व्हा!" तो हसला नाही.

"कोनाले सांगू नको," म्हणाला. "भेवानं का होईना, हळू त चालवून राह्यले."

कापसाचे दोन हंगाम गेले. वळणावर साधं खरचटलंसुद्धा नाही कोणाला.

इकडे शाळेच्या मास्तरांनी दरखास्त दिली होती. शाळेपासून गावापर्यंत सायकलींसाठी वेगळी पट्टी करा, कडेला दगड लावा, मोरीला कठडा बांधा. ती माझ्याच टेबलावरून गेली. जागेचा मौका पाहायला वरून एक साहेब आले. भर दुपारी आले, जीपमधून उतरलेही नाहीत. त्यांच्या फॉर्मात एक रकाना होता, गेल्या दोन वर्षांतले अपघात. मी ठाण्यातून आकडा आणला आणि माझ्या हातानं टाईप केला, शून्य. महिन्यानं उत्तर आलं. सदर जागा धोक्याची ठरत नाही, निधी देता येत नाही. माझं डोकंच सटकलं. मी साहेबांना फोन लावला आणि विचारलं, "पट्टीसाठी किती पोरी लागतात, तेवढं सांगा." ते "रूल अम्मा, रूल" करत राहिले. फोन ठेवून मी संडासात जाऊन रडले. मामाच्या काचांनी पोरं वाचली, आणि पोरं वाचली म्हणून पट्टी गेली. आता त्या वळणावर काचांशिवाय काही राहिलं नव्हतं.

आणि त्याच आठवड्यात बयनाबाई दुकानात आली.

बाजारात लिंबं विकणाऱ्या बाईनं तिला दोन लिंबं वरून दिली होती. म्हणाली, घे माय, तुझ्या पोरीच्या जिवावर तर धंदा चाललाय. बयनाबाई दुकानाच्या पायरीवर बसली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

"देवाजीभाऊ, माही पोट्टी भूत झाली म्हंतेत. घरोघरी लेकरायले तिचं भेव दाखवतेत. जेव, नाई त सुनयना येईन. वर्गात पयली यायची हो ते. म्या काय कराव?"

मामानं हातातली पकड खाली ठेवली. "बाई, ते भूत म्या केलं." आणि त्यानं सगळं सांगितलं. डबा, काचा, बाभळी. शेवटी म्हणाला, "तिच्या सायकलीची काचबी म्याच काढली होती."

 "कॅरिअर कोनं सांगतलं होतं?" बयनाबाईनं विचारलं, आणि उत्तरही तिनंच दिलं. "म्या सांगतलं. मोठं टाका भाऊ, दोन पेंढ्या बसल्या पायजे, असं म्हनलं होतं. रोज तेच आयकू येते मले." मग पदर खोचून उठली. "काचा काढा. तिले मोकळी करा."

"काढतो," मामा म्हणाला.

माझ्यानं राहवलं नाही. "काकू, काढल्या तर उद्या दुसऱ्या कोणाचं तरी लेकरू..."

"दुसऱ्याच्या लेकरासाठी माही पोट्टी काऊन भूत व्हाव, रश्मी?"

 

काढायच्या आधी एकदा मला पाहू द्या, एवढंच तिनं मागितलं. तीन वर्षं त्या रस्त्यानं ती गेली नव्हती, वावरातून फेरा घालून जायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिघं वळणावर गेलो. थंडी पडली होती, कुठंतरी कापसाची वाळकी पराटी जाळल्याचा वास येत होता. मामा पकड घेऊन शिडीवर चढला. बयनाबाई मोरीच्या कडेला माझ्याजवळ उभी राहिली. कापूस वेचून तशीच आली होती, डोक्याला पांढरं फडकं, कमरेला ओटी बांधलेली.

लॉरीचा उजेड आला आणि बाभळींवर डोळे उघडले.

"माय वो!" बयनाबाईनं माझं मनगट असं धरलं की बांगडी फुटली. लॉरी हळू झाली, अगदी चालीवर आली. तिच्या पुढं तीन पोरी सायकलीवर होत्या, मागं कडबा बांधलेला, गणितावरून भांडत चालल्या होत्या. लॉरी त्यांच्या मागं मागं सरकत राहिली. पोरी मोरी ओलांडून गेल्या तेव्हा कुठं ड्रायव्हरनं हात जोडले आणि गाडी पुढं काढली. पोरींनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"काढू?" मामानं वरून विचारलं.

 तेवढ्यात मागं राहिलेली एक पोरगी एकटीच जोरजोरात पायडल मारत आली, अगदी रस्त्याच्या मधून. बयनाबाई पुढं झाली. "कडेनं जाय वो माय, कडेनं..." पोरीनं तिला पाहिलं आणि किंचाळली. हँडल डगमगलं, सावरलं, आणि पोरगी कडेकडेनं जी पळाली ती गावात जाऊनच थांबली असेल.

बयनाबाई तिथंच उभी. "मले पाहून भेली ते," ती म्हणाली.

"हावो," मामा म्हणाला.

"माह्यापाशी सायकल नोती, तरी भेली."

  ती बाभळींकडं बघत होती, मग रस्त्याकडं. "राहू द्या काचा," ती म्हणाली. "उतरा खाली."

दुसऱ्या दिवसापासून साडेपाच वाजले की बयनाबाई मोरीवर जाऊन बसते. पांढरं लुगडं नेसते, केस सोडते. लॉरीचा उजेड आला की नुसती उभी राहते. संक्रांतीपर्यंत गावातलं सायकलवालीचं नाव गेलं, आता 'मोरीवरची म्हातारी' म्हणतात. ओळखणारे ओळखतात, पण तेही बोलत नाहीत. ड्रायव्हरांनी टाकलेली लिंबं ती घरी नेते आणि लोणचं घालते. एक बरणी आम्हालाही आली. मामानं दोन दिवस बरणीकडे नुसतं पाहिलं, तिसऱ्या दिवशी भाकरीबरोबर खाल्लं. आता तोही सहाच्या आत दुकान बंद करून बयनाबाईजवळ जाऊन बसतो. त्या सायकलीचा आवाज अजून येतो का, मी विचारलं नाही. विचारायची हिंमत होत नाही.

मागच्या आठवड्यात मी त्यांच्यासोबत बसले होते. परमुलखातला कोणी ड्रायव्हर होता, त्यानं गाडी पार थांबवली, काच अर्धी खाली केली आणि विचारलं, "अम्मा, वो सायकलवाली लडकी यहीं रहती है क्या?"

बयनाबाई उठली आणि केस सोडलेले तशीच त्याच्या दारापाशी गेली.

"नाई रे बापू," ती म्हणाली. "माही पोट्टी मेली. भूत त मी आहो."