साळ्याच्या हातचा दोर

ही गोष्ट दहा वर्षांत मी कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, देवाजवळही नाही — त्याच्याजवळ तर मी फक्त मागतच आलो. तुमच्याजवळ बोलून राहिलो, तर ऐकून घ्या.

माझ्या उजव्या तळहातावर एक आडवा व्रण आहे. आमच्या घरात त्याला फार मान. ताई समजते, या हातानं मी तिचं कुंकू राखलं.

अठ्ठावन्नचा उन्हाळा. इंटरला दुसऱ्यांदा नापास होऊन मी अमरावतीहून ताईकडे अकोटला येऊन पडलो होतो. भाऊजी तिथं शाळामास्तर, आणि डोंगराचं भलतं वेड. नरनाळ्याकडच्या कड्यांवरून मध काढणारा मोतीराम कोरकू त्यांना दोरानं उतरायला शिकवत होता. त्याची एक रीत होती — उतरणाऱ्याचा दोर त्याच्या साळ्यानंच धरायचा. "भाऊ दोर सोडून देते," तो म्हणे, "वाटणीचं भांडण असते. साळा नाही सोडत. त्याची बहीण रांडव होते ना." मग काय, दोर माझ्या हाती आला.

बूड टेकून बसायचं, टाचा खडकाला रोवायच्या, अंबाडीचा दोर पाठीमागून कमरेला घ्यायचा. खालून एक झटका आला की ढील द्यायची. दोन झटके म्हणजे घट्ट धर. आठ दिवसांत शिकलो. मोतीराम म्हणाला, हात चांगला आहे. मला काही येतं, असं तोवर कोणी म्हटलं नव्हतं.

आणि भाऊजी? जेवायला चार मास्तर बोलावले होते. त्यांच्यासमोर म्हणाले, "आमचा साळा इंटरच्या वर्गातच घर बांधून राहिला." सगळे हसले. ताईही हसली. बस, एवढंच. याहून मोठं कारण माझ्याजवळ नाही — खूप शोधलं.

दुसऱ्याच दिवशी कड्यावर गेलो. भाऊजी काठाखाली उतरले, दिसेनासे झाले. मोतीराम नाल्यापलीकडच्या टोकावर धुरासाठी गवत कापत होता. दोरावर दोन झटके आले. धर.

मी हातभर दोर सोडला.

चुकून नाही. दोन झटके मला नीट कळले होते. खालून आवाज आला, "बाळ्या, धर ना." वर्गात पोरं ज्याला चळचळ कापत, तो आवाज असा बारीक झाला होता. मला गोड वाटलं — खोटं कशाला बोलू? मी थांबलो. पुन्हा दोन झटके आले, मी पुन्हा सोडला. ते रडायला लागले, आपल्या पोराचं नाव घ्यायला लागले. मग म्हटलं, आता एकदा शेवटचा. पण तेव्हा दोर माझं ऐकेना. सुटला तो सुटलाच. जिवाच्या आकांतानं आवळला तेव्हा तळहाताचं कातडं निघालं, आणि भाऊजी खालच्या दगडांवर आदळले होते.

जीव वाचला. मांडीचं हाड तीन ठिकाणी मोडलं, पाय आखूड झाला.

मी काय सांगितलं असेल? दोर झिजून निसरडा झाला होता, हातात ठरला नाही, म्हणालो. मोतीरामचा दोर. सोलवटलेला हात सगळ्यांना दाखवला. ताईनं त्यावर लोणी लावलं आणि माझ्या गळ्यात पडून रडली. बाबा वकील. त्यांनी ओळखीच्या जंगल-कंत्राटदाराकडून मोतीरामचं मधाचं काम बंद करवलं. मोतीरामनं समोरून माझे हात पाहिले होते. पण वकिलाच्या पोरापुढं त्याचं कोण ऐकणार? त्यानं दोर गुंडाळला, खांद्यावर टाकला. जाताना मला एवढंच विचारलं, "तू तं साळाच व्हय ना त्याचा?"

भाऊजी? त्यांनी झटके दिले होते. कसे दिले, किती दिले, त्यांना ठाऊक होतं. तरी ताईला एका शब्दानं बोलले नाहीत. काऊन नाही बोलले, ते मी विचारलं नाही. विचारायची छाती नाही.

परवाच्या भाऊबिजेला ताईनं ओवाळलं. दरवर्षीसारखं आधी कपाळाला कुंकू लावलं, मग या व्रणाला. भाऊजी शेजारी बसले होते, काठी मांडीवर आडवी. ते माझ्या हाताकडे पाहत होते.

मी हात मागे घेतला नाही.