मास्तर आणि जावईबापूंचा मोर

मास्तरांना डिझाइन दाखवलं की ते चष्मा लावायच्या आधी चपला काढायचे. मग ऑफिसच्या फरशीवर सरळ आडवे व्हायचे, कागद छातीपासून पायांपर्यंत पसरायचे आणि मान किंचित उचलून बघायचे. चादर कारखान्यातल्या माझ्या पहिल्याच दिवशी, माणसाला चक्कर आली असं समजून मी पाण्याचा तांब्या घेऊन धावले. "पाणी नको अम्मा," ते पडल्या पडल्या म्हणाले, "जरा बाजूला सर की. उजेड अडतोय."

मास्तर घरी तेलुगू बोलायचे, कारखान्यात मराठी, आणि दोन्हीकडच्या मुलींना अम्मा म्हणायचे. उभा जन्म ग्राफच्या चौकोनांत पेन्सिलीनं नक्षी भरण्यात गेलेला. मला मालकांनी ठेवलं होतं ते एआयकडून चित्रं काढून घ्यायला. मास्तर नाक मुरडतील असं वाटलं होतं. छे, ते स्टूल ओढून शेजारीच बसले. एआयचं नाव त्यांनी ठेवलं जावईबापू. "गोड बोलून मागावं लागतं, आणि चुकलं तरी रागावता येत नाही."

पहिलं काम होतं मोराचं. तो खपला तर नोकरी पक्की, नाहीतर मी परत मंगळवेढ्याला. तिथं आई स्थळांची यादी घेऊन बसलीच होती. जावईबापूंनी मोर दिला तो ढीगभर रंगांचा. "त्यास्नी सांग, आमच्या मागावर रंग दोनच," मास्तर म्हणाले. दोन रंगांतला तर आणखीच देखणा आला. मी प्रिंट जोडून चादरीएवढा कागद केला. मास्तरांनी तो हनुवटीपर्यंत ओढला आणि मान उचलली.

"मोर उलटा दिसतोय मला. चोच तर माझ्या गळ्यात गेली. जावईबापूंना थंडी वाजत न्हाय अम्मा, म्हणून त्यास्नी चादर कळत न्हाय."

मग मोर फिरवला, डोकं पायांकडच्या रुंद काठाकडे. मास्तर कुशीवर वळले, तर पिसारा मोडला. पाय पोटाशी घेतले, तर तुरा गेला. आठवडाभर मी जावईबापूंची मनधरणी करत होते आणि मास्तर लोळत होते.

मालकांनी ते बघून कपाळावर हात मारला. "नवी पेठेत दुकानात रुंद काठ खाली सोडून टांगल्यावर हा मोर शीर्षासन करणार."

"गिऱ्हाईक दुकानात झोपतंय व्हय?" मास्तर म्हणाले. "न्हाय खपला तर हिच्यासंगट मलाबी काढा."

माझ्यासाठी कुणी असं बोलेल असं मला वाटलं नव्हतं. मी उगाचच माऊस पुसत बसले. पहिला माल रडतखडत खपला. दुसऱ्या खेपेला मात्र दुकानदारांचेच फोन यायला लागले, आणि आईनं यादी गुंडाळून ठेवली.

गेल्या हिवाळ्यात मास्तरांनी अंथरूण धरलं. भेटायला गेले, तर अंगावर तीच चादर. मी पायथ्याशी उभी होते, मोर मला उलटाच दिसत होता. "तितनं काय बघतीस? हितं ये." मी खाली बसून त्यांच्या उशीवर डोकं टेकवलं. इतक्या चादरी खपल्या, पण झोपणाऱ्याच्या उशीवरून मी ती कधी पाहिलीच नव्हती. मोर सरळ उभा होता आणि मास्तरांच्या श्वासाबरोबर हलत होता. "बसला न्हवं नीट?" त्यांनी विचारलं. त्याच आठवड्यात ते गेले.

जावईबापू आता फार हुशार झालेत. मास्तरांची आठवण मात्र रोज येते, फरशी पाठीला गार लागली की जरा जास्तच. परवा मी अशीच आडवी होते, नवा कागद अंगावर. मालक दारात येऊन उभे राहिले. मी पडल्या पडल्याच म्हटलं, "साहेब, जरा बाजूला सरा की. उजेड अडतोय."