रोवण्याची रांग

आसगावच्या आमच्या फुटबॉल क्लबात मी गोलकीपर होतो. आमचे कोच जवाहरनगरच्या फॅक्टरीतून निवृत्त होऊन गावी आलेले. आम्ही त्यांना सर म्हणायचो. त्यांचं तत्त्व एकच होतं. बचावातल्या चौघांनी कायम एका रांगेत राहायचं. खूप समजावूनही आमची रांग काही जुळेना. शेवटी एका संध्याकाळी चहा घेऊन आलेल्या काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, म्हणाल्या, "धानाच्या रोवण्यात धरता तशी रांग धरा नं. बाजूच्याकडं पाहाचं अन् संगंच मांगं सरकाचं."

बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, लावणी करत वाढलेल्या पोरांना हे लगेच समजलं. सरांनी त्याच दिवशी काकूंना असिस्टंट कोच नेमलं.

पुढच्या रविवारी नाकाडोंगरीच्या संघाशी सामना झाला. त्यांचे खेळाडू चेंडू घेऊन आले तसे आमचे चौघे सुरेख रांगेत मागे सरकू लागले. चेंडूला पाय मात्र कोणीच लावेना.

मी म्हटलं, "काहून मांगं येऊन राहिले बे? थांबा नं."

कोणी थांबलं नाही. चौघेही माझ्यासकट जाळ्यात गेले आणि आमच्या मागोमाग चेंडूही सावकाश आत आला.

सर डोक्याला हात लावून खाली बसले. काकू सरळ मैदानात शिरल्या आणि शेताचा बांध दाखवावा तसं गोलरेषेकडे बोट करून म्हणाल्या, "धुऱ्यावर आलं का थांबाचं असते, हे बी सांगा लागते का?"

सामना आम्ही हरलोच. तेव्हापासून काकू गोलच्या मागे उभ्या राहून सूचना देतात आणि सर पाण्याच्या बाटल्या सांभाळतात.