आक्काचा दमा

माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, दमा लग्नानंतर जडला. चारठाण्याजवळच्या तिच्या सासरी बांधावर, वाटेवर, अगदी न्हाणीमागेसुद्धा गाजरगवत माजलेलं असायचं. त्याला पांढरी फुलं आली, की तिच्या छातीत शिट्ट्या वाजू लागत. निंदायला गेली, तर वाट्याला आलेली ओळींची पात अर्धी टाकून परत यायची. सासू वाईट नव्हती, पण ऐन कामाच्या दिवसांतच हिला कसं होतं, असं चारचौघींत बोलायची. पुढे पुढे गवत वाळल्यावरही आक्काला धाप लागायला लागली. मग तर ही सोंग करते, अशी सासूची खात्रीच झाली.

मी तेव्हा औरंगाबादला प्राणिशास्त्र शिकत होतो. सरांनी एकदा दम्याच्या रोग्याच्या श्वासनळीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली लावला. आतल्या अस्तराखाली जाड गुलाबी पट्टा दिसत होता. सर म्हणाले, पेशींच्या बाहेर प्रथिनांचं जाळं असतं. त्यातलं फायब्रोनेक्टिन पेशींना धरून ठेवतं, जखम भरायला मदत करतं. परागकणांनी नळी पुन्हा पुन्हा सुजली, की दुरुस्तीच्या नादात ते आणि त्याच्यासारखी आणखी प्रथिनं तिथं साचत जातात. सूज उतरते, साचलेलं सहजी जात नाही. यातलं बरंच अजून कळायचं आहे, हेही त्यांनी सांगितलं.

नामांतराच्या आंदोलनात वर्ग बंद पडले, तेव्हा मी आक्काकडे गेलो. सासू ओसरीवर शेंगा फोडत होती. मी मुद्दाम तिच्यासमोरच कोळशानं फरशीवर दोन नळ्या काढल्या, एक चांगली, एक आक्काची, आणि सगळं समजावून सांगितलं. आक्कानं दुसऱ्या नळीवर बोट ठेवलं.

"म्हंजे हे सोंग न्हाई?"

"न्हाई, आक्का."

"मला बी वाटायलं होतं, आपणच सोंग करायलोत म्हणून."

सासूनं हातातली शेंग टोपल्यात ठेवली. "मला काय ठावं होतं," एवढंच म्हणाली. मग काय करायचं, ते तिनंच विचारलं. फुलं यायच्या आत गवत उपटा, पण आक्काला हात लावू देऊ नका, असं मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तोंडाला फडकं बांधून सासू न्हाणीमागचं गवत उपटत होती.

मी आक्काला परभणीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ओढायचा पंप दिला. त्याची सवय लागते, असं गावात सगळे म्हणायचे, म्हणून पहिले काही दिवस ती तो लपवून ओढायची. हळूहळू झटके कमी झाले. श्वास मात्र पहिल्यासारखा कधीच झाला नाही. भाकरी घेऊन शेतात जाताना तिला वाटेत दोनदा बसावं लागे, आणि सोबतच्या बायांना सासूच सांगायची, तिची नळी आतून जाड झालीय, थांबा जरा.

निंदणीला आक्का पुन्हा गेली नाही. घरी शिलाई मशीन आणून पोरींची परकर-पोलकी शिवू लागली. कापडाच्या धुळीचा त्रास होतो का, असं मी विचारलं. होतो थोडा, म्हणाली, पण नाकाला पदर बांधला की भागतं.