मशीनच्या पायाखालचं पुस्तक

ताईच्या वॉशिंग मशीनने कपडे पिळणं बंद केलं होतं. ड्रम दोन गिरक्या घ्यायचा, अख्खं मशीन थडथडायचं आणि थांबायचं. मेकॅनिकने ते जरा कलतं केलं, खाली हात घातला आणि म्हणाला, "हा पाय खचलाय. खाली पुस्तक कोंबलंय कुणीतरी."

त्याने ओढून काढलं ते माझं पुस्तक होतं. पहिलं आणि आजवरचं एकमेव. ओल धरून फुगलेलं, मुखपृष्ठावर मशीनच्या पायाचा गोल खड्डा. आत माझंच अक्षर : ‘ताईस, सर्वांत आधी.’

"अगं, मशीन आलं तेव्हा हाताशी तेच होतं," ताई म्हणाली.

हाताशी! रद्दीचा ढीग असतो तिच्या घरात. आणि मशीन आलं त्याच आठवड्यात तर मी तिला पुस्तक दिलं होतं. पुढे महिन्याभराने ती फोनवर म्हणाली होती, "फार छान लिहिलंयस गं. रडू आलं." त्या एका वाक्याच्या आधारावर मी दोन वर्षं लिहीत राहिले.

घरच्यांचं कौतुक असंच असतं का? नातं डुगडुगू नये म्हणून हळूच खाली सरकवलेलं? वरून सगळं स्थिर दिसतं, म्हणून कुणी वाकून बघत नाही.

"पुस्तक दबतं हो, इथं लाकूडच हवं," म्हणत मेकॅनिकने फळीचा तुकडा सरकवला. ड्रम सुसाट फिरू लागला.

"बघ, कसं मस्त फिरतंय!" ताई खूश झाली.

"फार छान," मी म्हणाले. ती फोनवर बोलली होती, अगदी त्याच आवाजात.